हसायच्या एक्केचाळीस जागा

जयराजचा विनोदी चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा शिलारवाडीच्या समाजमंदिरात दोनशे माणसं होती आणि त्यातलं एकही हसलं नाही. नाही म्हणायला मागून एकदा कुणीतरी खुदकलं. पण ते सहा महिन्यांचं बाळ निघालं आणि त्याच्या आईनं त्याला तातडीनं बाहेर नेलं. बाकी दोन तास अकरा मिनिटं पब्लिक हाताची घडी घालून पोथी ऐकावी तसं बसून राहिलं. दिवे लागले तशी माणसं उठली. एकेक जण जयराजजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलून गेला.

"चांगला झालाय गड्या."

"लय कष्ट घेतल्यात पोरानं."

"जेवून घे बरं का. उपाशी ऱ्हाऊ नगंस."

चित्रपटाचं नाव होतं 'जावयाचा ट्रॅक्टर'. नवा जावई मिरवायला म्हणून ट्रॅक्टर घेऊन सासुरवाडीला जातो, तिथं ट्रॅक्टर बंद करायची कळ तुटते आणि पुढचे तीन दिवस तो काही केल्या बंद होत नाही. डिझेल संपायची वाट बघावी, तर सासू जावयाच्या मालाचा पाहुणचार म्हणून ट्रॅक्टरलाही डिझेल पाजत राहते. एवढीच गोष्ट. जयराजनं ती लिहिली तेव्हा एकटाच खोलीत हसत होता आणि त्याच्या आईनं, लीलाबाईंनी, दाराआडून ते ऐकून मुलाची दृष्ट काढली होती.

मग बिनसलं कुठं? जयराजनं पुण्यात राहून सिनेमाचा अभ्यास केला होता, विनोद कसा फुलवावा यावरची जाडजाड पुस्तकं वाचली होती. पण कोण कुणाच्या पुढे बसलंय हे बघायचं कुठल्याच पुस्तकानं त्याला शिकवलं नव्हतं. पहिल्या खुर्चीवर त्याचे चुलते, सुभेदार लालासाहेब, बसले होते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. हसायचं ते घरात, जेवण झाल्यावर, दार लावून, असं त्यांचं मत होतं. त्यांच्यामागं गावातले माजी सैनिक. साहेब हसल्याशिवाय त्यातल्या एकानंही हसणं शक्य नव्हतं. त्यांच्यामागं बायका, आणि पुढं सासरा बसलेला असताना पडद्यावर जावयानं सासऱ्याची उडवलेली रेवडी बघून कुठली सून दात काढील? सगळ्यांनी पदर सारखे केले आणि जमिनीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात धार काढता काढता आबांनी, म्हणजे जयराजच्या वडिलांनी, विषय काढला. आबांचं नाव आकाराम, मुळातच कमी बोलणारा माणूस. चित्रपटाबद्दल ते तीन वर्षांत बरंवाईट काहीच बोलले नव्हते.

"तीन वर्सं दिली तुला. कबूल केल्यालं पाळलं का न्हाई मी?"

"पाळलं, आबा."

"मग आता तू पाळ. शनवारी ते सांगलीचं सायेब बघून जाऊ द्यात. त्यांनी घेतला तर तुझी वाट मोकळी. न्हाई घेतला, तर सोमवारी सकाळी साडेआठला शिरवळ. तुझ्या मामानं कंपनीत शब्द टाकलाय."

"व्हय, आबा."

"आन् तितं गोष्टी लिवत बसायचं न्हाई. तितं नटबोल्टं मोजायची," एवढं बोलून आबा पुन्हा म्हशीकडं वळले.

सांगलीचे साहेब म्हणजे इंद्रजित. सांगलीपासून लोणंदपर्यंतच्या थेटरांत कुठला मराठी चित्रपट लागायचा हे तेच ठरवायचे. त्यांची एक खोड सगळ्या धंद्यात प्रसिद्ध होती. ते चित्रपट बघतच नसत. पडद्याखाली खुर्ची टाकायची, पडद्याकडं पाठ करून बसायचं आणि दोन तास नुसतं पब्लिक बघायचं. पब्लिकचं तोंड बघून ते चित्रपट घ्यायचे किंवा सोडायचे. शनिवारी दुपारी तीन वाजता इस्लामपूरच्या एका जुन्या थेटरात खेळ ठरला होता, पब्लिक जयराजनं आणायचं होतं, आणि जयराजकडं पब्लिक एकच होतं. शिलारवाडीचं.

"ते परत हाताची घडी घालून बसंल," जयराज चुलीपाशी बसून आईला सांगत होता. "आये, साहेबांनी ती तोंडं बघितली तर ते मलाच धीर देऊन जातील."

त्याच वेळी सुभेदार लालासाहेब दारात आले. मिशा नीट कातरलेल्या, हातात वही. पुतण्याचा चित्रपट आपल्यासमोर पडला याची बोच त्यांना रात्रभर लागलेली होती, आणि बोच लागली की ते नियोजन करत.

"जयराज, मला कळलंय आपलं कुठं चुकलं."

"कुठं, तात्या?"

"पब्लिकला आदेशच न्हवता. कुठं हसायचं हे कुणाला ठावंच न्हाई. मानसं काय करतील? तू मला यादी दे. कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला हसायचं, आन् किती हसायचं. बाकी माझ्यावर सोड."

"आवं तात्या, असं सांगून कुनी हसतं व्हय?"

"सांगून मानसं डोंगरावर चढत्यात. हसाय काय हुतंय?"

बुडत्याला हाती लागेल ती काडी हवी असते, तसं जयराजचं झालं होतं. त्यानं बसून यादी केली. एक्केचाळीस जागा निघाल्या. सुभेदारांनी यादी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुतण्याला ताकीद दिली की सरावाला फिरकायचं नाही. "तुझं तोंड बगितलं की पब्लिक हसायचं सोडून तुजं सांत्वन कराय लागतंय."

मंगळवारपासून रोज पहाटे पाच वाजता शाळेच्या मैदानावर निवडक साठ माणसं जमू लागली. माजी सैनिक, त्यांच्या बायका, दोन-चार पंच. सासरे आणि सुना एकाच तुकडीत नकोत म्हणून कुणी तक्रार केली, तेव्हा सुभेदारांनी जाहीर केलं की आदेशावरून केलेलं हसणं हे हसण्यात धरलं जात नाही, ती ड्यूटी आहे. मग सुनांचीही हरकत राहिली नाही.

"एक नंबर, गालातल्या गालात! दोन नंबर, आवाज काढून! तीन नंबर, मांडीवर थाप मारून! थेटरात अंधार आसंल, म्हणून मी खोकणार. येकदा खोकलो की एक नंबर, दोनदा खोकलो की दोन, तीनदा खोकलो की तीन. दल, हसेगा... हस!"

"हॅ हॅ हॅ हॅ!"

"थम! धोंडुबाई काकी, तुमी आजून हसताय."

धोंडुबाई सुभेदारांची चुलती. पंच्याहत्तरीची बाई, आणि सुभेदारांना 'लाला' म्हणणारं गावात उरलेलं एकमेव माणूस. "आरं लाला, थांबतंय व्हय ते लगेच? हसू म्हंजी काय नळ हाय?"

"आदेश झाला की थांबायचं."

"बरं बाबा," धोंडुबाई म्हणाली आणि पदरात तोंड घालून आणखी थोडं हसली.

शुक्रवारपर्यंत तुकडी तयार झाली. साठ माणसं एका दमात हसू लागली आणि एका दमात गप्प होऊ लागली. नुकसान झालं ते एवढंच, की थंडीत चार दिवस ओरडून ओरडून सुभेदारांचा घसा बसला. लीलाबाईंनी हळद-दूध पाठवलं. सुभेदारांनी ते पिऊन टाकलं आणि घशाचा विषय संपला असं धरून चालले.

शनिवारी सकाळी सात वाजताच सुभेदार थेटराची पाहणी करायला इस्लामपूरला निघून गेले. नऊ वाजता इंद्रजितचा फोन आला.

"जयराज, पिक्चर केवढा हाय?"

"दोन तास अकरा मिनिटं, साहेब."

"दोन तासाच्या वर मी घेत न्हाई. लांबच्या गावचं पब्लिक शेवटच्या एस.टी.ला पळतंय. शेवट न बघता गेलं की दुसऱ्या दिवशी सांगतंय, पिक्चरला शेवटच न्हाई म्हणून. अकरा मिनिटं काढून ठेवा. मी तीनला येतो."

फोन ठेवून जयराज पळतच शिवांजलीकडं गेला. शिवांजली सुभेदारांची मुलगी. चित्रपटाची सगळी जुळणी तिनंच तिच्या संगणकावर केली होती आणि वडिलांसारखीच ती कामाला बसली की पापणी हलवत नसे.

"सुरवातीची आंघोळ काढते," ती म्हणाली.

"अगं, पाच मिनिटांची आंघोळ हाय ती! त्यात त्याचा स्वभाव कळतो."

"कळला. साबण लावायच्या आधीच कळला. आन् हा पाहुण्यांच्या गावाला जायाचा रस्ता बी काढते. एवढा येळ तर एस.टी.नं बी लागत न्हाई."

दोघं दीड वाजेपर्यंत भांडत, कापत, पुन्हा जोडत बसली. पहिल्या अर्ध्या तासातून अकरा मिनिटं निघाली आणि खरं सांगायचं तर चित्रपटाची चरबी झडली. जयराजला स्वतःलाच तो पुन्हा नवा वाटू लागला. त्या आनंदात सुभेदारांच्या खिशातली यादी त्याच्या डोक्यातून साफ उतरली. शिवांजलीला तर यादी आहे हेच ठाऊक नव्हतं. बापानं ती खिशातून काढून कुणाला दाखवलीच नव्हती.

तीन वाजता थेटराचे दिवे गेले. दोन टेम्पोंतून आलेली साठ माणसं ओळीनं बसली होती. पडद्याखाली खुर्ची टाकून, पडद्याकडं पाठ करून इंद्रजित बसले. गोल चेहऱ्याचा, चष्मा लावलेला माणूस, मांडीवर छोटी वही. सगळ्यांत मागच्या रांगेत सुभेदार. घड्याळ आणि यादी बघायला बॅटरी लावावी लागणार आणि तिचा उजेड दिसू नये, म्हणून त्यांनी डोक्यावरून घोंगडं पांघरलं होतं. पडदा त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचं सगळं लक्ष सेकंदकाट्यावर होतं.

पहिल्या मिनिटाला घोंगडं एकदा खोकलं. साठ माणसं गालातल्या गालात हसली. तिसऱ्या मिनिटाला घोंगडं दोनदा खोकलं. साठ माणसं आवाज काढून हसली आणि दार लावावं तशी गप्प झाली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जयराजला आनंदानं भरून आलं. इंद्रजितनी वहीत काहीतरी टिपलं.

आणि मग आंघोळ आलीच नाही. एकदम जावई ट्रॅक्टर घेऊन सासऱ्याच्या अंगणात शिरला.

हा चित्रपटातला सगळ्यांत धमाल भाग. कळ तुटलेली, ट्रॅक्टर थांबत नाही, म्हणून बिचारा जावई अंगणात गोल गोल फिरतोय. मान म्हणून ओट्यावरच्या सासऱ्याला प्रत्येक फेरीला दोन्ही हात सोडून रामराम घालतोय. सासराही माणूस रीतीचा. तो प्रत्येक फेरीला उठून उलटा रामराम घालतोय आणि खाली बसतोय. चौथ्या फेरीला सासू चहाची कपबशी घेऊन ट्रॅक्टरमागं पळू लागते. यादीत इथं ओळीनं पाच वेळा 'तीन नंबर' होता.

घोंगडं गप्प. त्याच्या घड्याळाप्रमाणे जावई अजून साबण लावत होता.

पब्लिकवर मोठा बाका प्रसंग आला. पडदा हस म्हणत होता आणि आदेश नव्हता. एका निवृत्त हवालदारानं टोपी काढून दातात धरली. लीलाबाई छताचे पंखे मोजू लागल्या. पंचांपैकी एक जण वाकून चपलेची बक्कल लावत बसला; त्याच्या चपलेला बक्कल नव्हती. धोंडुबाईनं अर्धा पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे उडू लागले. पण आवाज म्हणून कुणी काढला नाही. चार दिवसांची शिस्त वाया गेली नव्हती.

जयराजला पुढून फक्त शांतता ऐकू येत होती. परत तेच, तो मनात म्हणाला, परत समाजमंदिर.

बऱ्याच वेळानं पडद्यावर नवी नवरी आईच्या कुशीत शिरून "आई, माझ्यामुळं तुमाला तरास झाला," असं म्हणून रडू लागली, आणि घोंगडं तीनदा खोकलं. साठ माणसांनी मांडीवर थाप मारून थेटर हादरवलं. त्या हसण्यात चार दिवसांचा सराव होता आणि आतल्या आत कोंडलेल्या पाच फेऱ्याही होत्या, त्यामुळं आवाज फारच मोठा झाला. इंद्रजितनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

तेव्हा जयराजच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो वाकून, खुर्च्यांच्या कडेकडेनं मागच्या रांगेपर्यंत गेला आणि घोंगड्यात डोकं घातलं.

"तात्या, घोळ झालाय! अकरा मिनिटं कापल्यात!"

"कुनी?"

"शिवानं."

"माझ्या पोरीनं? कुणाच्या आदेशानं?"

"माझ्या. चुकलं माझं. तुमची यादी अकरा मिनिटं मागं पडलीय. समद्या येळांतनं अकरा वजा करा!"

"मोहीम सुरू झाल्यावर नकाशा बदलत न्हाईत."

"तात्या, सोमवारी शिरवळ हाय मला. पाया पडतो तुमच्या."

सुभेदारांनी पुतण्याकडं बघितलं. बॅटरीच्या उजेडात त्याचं तोंड त्यांना पाचवीतल्या जयराजसारखं दिसलं असावं, कारण त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "अडतीस मिनिटं वीस सेकंद. त्यातनं अकरा गेलं..." आणि तेवढ्यात घोंगड्याची लोकर त्यांच्या बसलेल्या घशात गेली.

सुभेदार खरे खोकले. एकदा, दोनदा, तीनदा, आणि थांबेनात.

पडद्यावर त्या वेळी सासरा आपल्या म्हाताऱ्या बैलाला निरोप देत होता. ट्रॅक्टरच्या आवाजानं बैलानं वैरण सोडली होती, म्हणून सासरा त्याला मळ्यातल्या भावाकडं पाठवत होता. त्यानं बैलाच्या कपाळावर हात ठेवला होता. चित्रपटातली ही एकच जागा अशी होती, जिथं समाजमंदिरातही माणसांनी नाकं ओढली होती.

सुभेदार एकूण नऊ वेळा खोकले. नऊ नंबर पब्लिकला शिकवलाच नव्हता. काहींनी तीन नंबर तीनदा केला. काहींनी, चूक नको म्हणून, सगळे नंबर मिळून केले. माणसं मांडीवर थापा मारत खदाखदा हसत होती आणि त्यांच्या डोळ्यांतून बैलासाठी खरं पाणी वाहत होतं. "आरं माज्या राजा रं!" असं रडत रडत धोंडुबाई हॅ हॅ करत होती. लीलाबाईंनी हुंदका दिला आणि मग ड्यूटी आठवून त्याचं दोन नंबरात रूपांतर केलं.

इंद्रजित खुर्चीतून उठून उभेच राहिले.

तेव्हा सुभेदारांनी घोंगडं फेकून दिलं. सगळं उघडं पडलं तरी चालेल, पण बैलाची विटंबना त्यांच्या शेतकरी रक्ताला सोसवेना. बसलेल्या आवाजात ते कडाडले, "परेड, थम! ह्यो खोकला खरा हाय! आता कुनी हसायचं न्हाई! पिक्चर संपस्तवर एक दात दिसता कामा नये!"

साठ माणसांनी तोंडं मिटली. जयराज मागच्या रांगेत खाली फरशीवर बसला. तीन वर्षं, एक चित्रपट, एक संधी. आणि आता साहेबांसमोर पब्लिकला हसायची बंदीच झाली होती. तो शिरवळच्या कंपनीत जेवणाची सुट्टी किती असते याचा विचार करू लागला.

पडद्यावर रात्र झाली. सासरा गुपचूप ट्रॅक्टरमधलं डिझेल काढून टाकायला बादली घेऊन आला. पलीकडून जावई त्याच कामाला बादली घेऊन आला. तिसरीकडून सासू डिझेल भरायला कॅन घेऊन आली. तिघं ट्रॅक्टरपाशी एकमेकांसमोर आले. दोन्ही बादल्या पाठीमागं गेल्या.

"वाऱ्याला आलतो," सासरा म्हणाला.

"मी बी," जावई म्हणाला.

"बादली घिऊन?" सासूनं विचारलं.

थेटरात साठ माणसांनी श्वास रोखून धरला. खुर्च्या करकरू लागल्या.

"लाला," अंधारातून धोंडुबाईचा आवाज आला.

"काकी, बोलायचं न्हाई."

"लाला, पोटात गोळा आलाय रं. येकदाच हसू दे. मग गप बसती."

"आदेश न्हाई, काकी!"

"मग तू तिकडं तोंड कर," धोंडुबाई म्हणाली आणि फुटली.

आणि तिच्यामागं थेटर फुटलं. टोपी दातात धरलेल्या हवालदाराच्या तोंडातून टोपी पुढच्या रांगेत जाऊन पडली. "शांतता! सावधान!" असं सुभेदार जितकं ओरडत तितकी माणसं जास्त वाकत. कुणी उशिरा हसलं, कुणी लवकर हसलं, कुणी मागचा रामराम आठवून आता हसलं. सासऱ्यांदेखत सुना हसल्या आणि सुनांदेखत सासरे. शेवटची पाटी येईपर्यंत ते थांबलं नाही, आणि पाटीवर 'आभार' म्हणून सुभेदार लालासाहेबांचं नाव आलं तेव्हा सगळ्यांत मोठं हसू झालं. ते काही यादीत नव्हतं.

दिवे लागले. इंद्रजित वही मिटून बाहेर चहाच्या टपरीवर गेले. मागोमाग जयराज, आबा, लीलाबाई, शिवांजली आणि सुभेदार, असे ओळीनं जाऊन उभे राहिले.

"ते घोंगड्यात कोण खोकत होतं?" इंद्रजितनी विचारलं.

सुभेदार एक पाऊल पुढं आले. "मी. सुभेदार लालासाहेब. पब्लिकला हसायला मी शिकवलं. खोकून इशारे मी दिले. ह्यात पोराचा दोष न्हाई. शिक्षा आसंल ती मला द्या, पण त्याचा पिक्चर हिशोबात धरा."

जयराजला वाटलं, पिक्चर गेला तरी चालेल, पण हे ऐकायला मिळालं. त्यानं चुलत्याचा हात धरला.

इंद्रजितनी चहाचा घोट घेतला. "सुभेदारसाहेब, मी तीस वर्षं पब्लिक बघतोय. मला तिसऱ्या मिनिटालाच कळलं. साठ माणसं एका सेकंदाला हसायला सुरवात करत न्हाईत, आणि एका सेकंदाला थांबत तर अजिबात न्हाईत. शिकवून आणलेलं पब्लिक मला काय नवीन हाय? मोठमोठ्यांनी दाखवलंय."

"मग?" जयराजनं विचारलं.

"मी उठून जाणारच होतो. तेवढ्यात माझ्या पाठीमागं पडद्यावर तो ट्रॅक्टर घुमायला लागला. तुमचं शिकवलेलं पब्लिक गप. आणि माझ्यासमोर एक माणूस टोपी खातोय, एक बक्कल नसलेल्या चपलेची बक्कल लावतोय, आणि ती म्हातारी पदर गिळायला लागलीय." इंद्रजितनी वही उघडून दाखवली. "हसणारं पब्लिक कुणीबी आणून बसवतंय, जयराज. हसू दाबणारं मला आजवर कुणी आणून दाखवलं न्हवतं. ते खोटं करता येत न्हाई. मी तेवढंच मोजलं. पिक्चर मी घेतला. पुढच्या महिन्यात सांगली, इस्लामपूर, लोणंद."

लीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं जयराजचं तोंडही पुसलं. शिवांजली खाली टपरीच्या बाकड्यावर बसली. जयराज नुसता श्वास घेत होता. आठवडाभरात त्यानं तो नीट घेतलाच नव्हता.

"फक्त येक अट हाय," इंद्रजित म्हणाले. "सुभेदारांनी थेटरात यायचं न्हाई."

"मान्य," सुभेदार म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "पण मग मी पिक्चर कवा बगायचा? मी घोंगड्यात हुतो."

आबा मात्र आता तिथं नव्हते. ते टपरीच्या पलीकडं, उभ्या टेम्पोच्या आडोशाला गेले होते. जयराज त्यांना शोधत गेला तेव्हा ते फोनवर, शिरवळच्या मामांशी, म्हणजे विश्वजितशी बोलत होते. जयराजकडं त्यांची पाठ होती.

"...न्हाई न्हाई, तसं न्हवं. आईका तरी. आता त्यो जावई दोनी हात सोडून रामराम घालतोय. आन् सासरा, आवं त्यो बी उटतोय! दर येळंला! आन् सासू कपबशी घिऊन मागनं पळतीया..." आबा हसत होते. त्यांच्या हातातला फोन हलत होता. "व्हय व्हय. आन् मग नवरी रडती, ते बी सांगतो. शब्द कसं हायत बगा, 'आई, माझ्यामुळं तुमाला तरास झाला...'"

आबांना सगळं पाठ होतं. एकेक वाक्य, ओळीनं. तीन वर्षांत चित्रपटाबद्दल चकार शब्द न काढलेला माणूस चित्रपट पहिल्यापासून सांगत होता आणि जयराज टेम्पोला टेकून ऐकत उभा होता. पुढं जाऊन त्यांना हटकायचं त्याच्यानं होईना.

बैलापाशी आबांचा आवाज जरा ओला झाला. ते थांबले. पलीकडून मामांचा आवाज टेम्पोपर्यंत ऐकू आला, "दाजी, ते समदं खरं. पण सोमवारी पोरगं येतंय का न्हाई, तेवढं सांगा की!"

"थांबा हो, पावणं," आबा म्हणाले, "आजून इंटरवल व्हायचाय."